उसवताना

मशीनची टीप उसवायची माझी एक ठरलेली रीत आहे. सगळे टाके एकामागून एक कापत जायचं नाही. दर चार-पाच टाक्यांवर उसवणीच्या टोकाने एकच कापायचा, असं शिवणीच्या टोकापर्यंत जायचं, मग कापड उलटं करायचं आणि मागचा दोरा धरून हलकेच ओढायचा. तो अख्खाच्या अख्खा हातात येतो. कापडाला भोक पडत नाही, वीण सरकत नाही. पुढच्या बाजूला दोऱ्याचे बारीक तुकडे उरतात, तेवढे बोटांनी झाडून टाकायचे.

त्या जुन्या गोधडीवर ही रीत चालली नाही. हाताने घातलेल्या धावदोऱ्याला मागचा दोरा नसतोच. एकच दोरा वरखाली पोहत गेलेला असतो. तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने त्याला परत आणावं लागतं, टाका टाका करत. म्हणून वेळ लागला, आणि वेळ लागला म्हणून नीट बघणं झालं.

घर बदलताना ती पलंगाच्या पेटीत अगदी तळाशी सापडली. एका बाजूची कड फाटलेली, मधला भाग विरून जाळीसारखा झालेला. कुणी शिवली म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "आपल्याकडे ती होतीच." आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आजीकडे आली तेव्हाही जुनीच होती." नाव कुणालाच आठवेना. टाकून देऊ नकोस, एवढं मात्र दोघींनीही बजावलं.

मी शिवते ते हौसेने. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, त्यात सुईदोऱ्याचा काही संबंध नाही. सुरुवात पिशवीने झाली. एका पिशवीचा बंद भर रस्त्यात तुटला आणि सामान खाली सांडलं. घरी आणून बघितलं तर दोरा शाबूत होता. फाटलं होतं ते कापड, बरोबर टिपेच्या रेषेत. सगळं वजन एका आडव्या टिपेवर येत होतं आणि सुईच्या भोकांनी कापड नेमकं तिथेच कमजोर झालं होतं. कागदाला भोकांची रांग पाडली की तो तिथूनच फाटतो, तसं. त्या संध्याकाळी मी बंद पुन्हा जोडला तो चौकोनात. चारही बाजूंनी टीप, मधून कोपऱ्याला कोपरा जोडणारी फुली, आणि मागून कापडाचा एक जादा तुकडा. आता ओढ चौकोनभर पसरते. ती पिशवी अजून वापरात आहे, आणि हातात घेतली की मी आधी ती फुली बघते.

सपाट पिशवी म्हणजे दोन चौकोन तीन बाजूंनी जोडायचे, ते कुणालाही जमतं. डोकं लागतं ते तळ बसवायला. पिशवी उलटी करायची, बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून कोपरा चिमटीत धरायचा. त्याचा त्रिकोण होतो. टोकापासून थोडं आत, त्या त्रिकोणावर आडवी टीप मारायची. ती टीप जितकी लांब, तितका तळ रुंद. १० सेंटिमीटरची टीप मारली की तळ १० सेंटिमीटरचा झाला. पण हे १० सेंटिमीटर कुठून तरी यायला हवेत. शिवून झालेली पिशवी ४० बाय ४० असेल, तर कोपरे शिवल्यावर ती ३० रुंद आणि ३५ उंच उरते. पहिल्यांदा मी हा हिशेब धरलाच नव्हता. एका फायलीच्या मापाने बेतलेली पिशवी होती, चांगल्या जाड कापडाची, आणि शिवून झाल्यावर फाइल काही आत जाईना. तेव्हापासून आधी कागदाची पिशवी करून बघते. कागद दुमडला, कोपरे चिमटले, की जे आकड्यांत कळत नाही ते हाताला कळतं.

शिवणकामात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड राखायचं, त्याला माया म्हणतात. "माया किती सोडलीस?" असं विचारतात. हा शब्द ज्या कुणी या जागी आणून ठेवला, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. माया कमी पडली तर काठाचे धागे निसटत निसटत टिपेपर्यंत येतात आणि एका ओढीला शिवण सुटते. जास्त झाली तर आत गठ्ठा होतो, कोपरा सुबक उलटत नाही. पिशवीला मी एक ते दीड सेंटिमीटर सोडते. तुकडे जोडून केलेल्या गोधडीत पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर पुरतात. तिथे मात्र ती सगळीकडे सारखीच हवी. प्रत्येक शिवणीत माया १ मिलिमीटरने वाढली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून २ मिलिमीटर कापड आत जातं. २० शिवणींच्या एका रांगेत ४ सेंटिमीटर गेले. शेजारची रांग मापात असेल, तर या दोघी काही केल्या एकमेकींना भेटणार नाहीत.

कापडाच्या धाग्याचंही तसंच. उभा धागा मागावर ताणून बसवलेला असतो, म्हणून तो सहसा कमी ताणतो. पिशवीचे बंद त्याच दिशेने कापायचे. तिरकं कापलेलं कापड रबरासारखं ताणतं, त्याचा बंद केला तर पिशवी आठवडाभरात गुडघ्याशी लोंबायला लागेल. तेच तिरकं कापड गोल कडेला गोट लावताना मात्र हवंच हवं, कारण वळणावर ते एकही चूण न पडता निमूट वळतं.

मला मशीनचं वेड लागलं ते टिपेची मागची बाजू बघायला लागल्यावर. मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या फिरकीवरचा. दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध पडायला हवी, म्हणजे ती कुठूनच दिसत नाही. वरचा दोरा फार ताणलेला असला तर खालचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर डोकावतो. वरचा सैल असला तर मागे वळसे साठतात. पुढून बघताना बऱ्याचदा सगळं ठीक दिसतं आणि मागे गुंता झालेला असतो. म्हणून कापडाच्या कातरणीवर चार बोटं टीप मारायची, उलटी करून बघायची, आणि मगच खऱ्या कापडाला हात लावायचा. जाड कापड असेल तर सुईही बदलायची. सुईवरचा ९० हा आकडा तिची जाडी सांगतो, ०.९ मिलिमीटर. पिशवीच्या कोपऱ्यात सहा-सात पदर एकावर एक येतात, तिथे मी १०० नंबरची घालते. त्याआधी तीन सुया मोडल्या होत्या.

या दोन दोऱ्यांच्या गाठीमागे बराच खटाटोप आहे. १८३० साली फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते एकाच दोऱ्याने साखळीचा टाका घालायचं. साखळीचा टाका योग्य टोकाकडून ओढला की सरसर सुटत जातो. पोत्याचं तोंड असंच उघडतं, आणि पोत्याला ते सोयीचंच आहे. अंगावरच्या कपड्याला नाही. १८४६ साली अमेरिकेत इलायस हाव याला ज्या मशीनचं पेटंट मिळालं, त्यात दुसरा दोरा खालून येऊन पहिल्यात अडकत होता. एक टाका तुटला तरी शेजारचे जागेवर राहतात, ते या अडकण्यामुळे. माझी उसवायची रीतही त्याच गाठीवर उभी आहे.

पिशवीला अस्तर लावलं की तिची उलट बाजू कायमची बंद होते. सगळी माया, सगळी दोऱ्याची शेपटं, बंदामागचं ठिगळ आत गेलं. गोधडीला ही सोय नाही. टाका दोन्हीकडे दिसतो, जसा पडला तसा.

गोधडीकडे मी पिशव्यांनंतर चार-पाच वर्षांनी वळले. खालचा थर, आतला भर, वरचा थर, एवढीच तिची मांडणी. खालचा थर जमिनीवर ताणून पसरायचा, कडा चिकटपट्टीने धरून ठेवायच्या, त्यावर भर, त्यावर वरचा थर. मग मधून कडेकडे तळव्याने सारत जायचं आणि वीतभर अंतराने लांब लांब कच्चे टाके घालायचे. अर्धा दिवस जातो, आणि एवढं करून तो कच्चा दोरा शेवटी काढूनच टाकायचा असतो. उरकून घ्यायचा मोह होतो तो इथे. मी एकदा उरकलं. मागच्या थराला मधोमध चूण पडली, आणि मला ती दिसली तेव्हा तिच्यावरून अकरा ओळी गेल्या होत्या. अकराही उसवल्या.

माझी पहिली गोधडी धुतल्यावर जागोजागी आखडली. चादरीचे जुने, शंभरदा धुतलेले तुकडे होते तसे राहिले आणि त्यांच्यामध्ये घातलेलं कोरं सुती कापड आटलं. कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, हे मी ऐकलं होतं, पण एका धुण्याने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आता काहीही नवं आणलं की आधी बादलीत. खरं तर मला जुनंच आवडतं. वापरून मऊ झालेल्या सुती साडीत किंवा चादरीत सुई पाण्यात शिरावी तशी शिरते, बोट दुखत नाही, सुईपासून बोट वाचवणारं अंगुस्तान न घालताही दोन ओळी होतात.

एकदा मी हिशेब मांडला. दीड मीटर रुंद, २.१ मीटर लांब गोधडी. दर दोन सेंटिमीटरला एक उभी ओळ, म्हणजे ७५ ओळी. दोऱ्याची एकूण वाट १५७ मीटरांहून थोडी जास्त. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर वरच्या बाजूला दिसणारे टाके पावणेसोळा हजार. यातला एकही टाका अवघड नाही. सहा वर्षांच्या मुलालाही एक टाका घालता येतो. पण पावणेसोळा हजार टाक्यांमध्ये माणूस लपून राहू शकत नाही. कधी घाई होती, कधी उजेड कमी झाला होता, कधी शिवताना कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, ते सगळं टाक्याच्या लांबीत उतरतं. माझ्या दुसऱ्या गोधडीत एक हातभर पट्टा असा आहे की तिथले टाके एकदम बारीक आणि आवळलेले आहेत. त्या दिवशी मी दवाखान्यातून येणाऱ्या फोनची वाट बघत बसले होते. बाकी कुणाला तो पट्टा वेगळा दिसत नाही. मी मात्र पांघरताना ती बाजू पायांकडे घेते.

तर ती जुनी गोधडी.

ओळी उभ्या नव्हत्या. काठापासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत आत गेल्या होत्या. गाठ एकही नाही. नवा दोरा सुरू होताना एकावर एक दोन बारीक उलटे टाके, संपताना एकच, आणि उरलेलं शेपूट थरांच्या मधे सारलेलं. दोऱ्याचे सांधे जवळजवळ सारख्या अंतरावर होते. शिवणारी बोटापासून खांद्यापर्यंत दोरा मोजून तोडायची असणार. मीही तेवढाच घेते, त्याहून लांब घेतला की पीळ पडून गुंततो. रंग पांढरा, मग पिवळसर, मग पुन्हा पांढरा. हाताशी होता तो दोरा घेत गेली.

दोन उलटे टाके म्हणजे सुरुवात, एक म्हणजे शेवट, हे एकदा कळल्यावर मी दिशा बघायला लागले. काठ आपल्या पुढ्यात ठेवून बसलं, तर उजव्या हाताने शिवणारं माणूस उजवीकडून डावीकडे सरकत जातं. इथे प्रत्येक दोरा डावीकडे सुरू होऊन उजवीकडे संपत होता. एक कड झाली, दुसरी झाली, तिसऱ्या कडेलाही तेच. मी उठून आत्याला फोन केला.

"आत्या, आपल्यात डावखुरं कोण होतं गं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असेलही कुणी. पण डाव्या हाताने करणं तेव्हा लपवायच्याच गोष्टीतलं होतं. आम्हाला कसं कळणार?"

शिवणाऱ्यांची नावं अशी पुसली जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सिसिलीत तयार झालेली एक रजई आहे, साधारण १३६० ते १४०० या काळातली. लिननचे दोन थर, आणि आकृत्यांमध्ये मागून कापूस भरून त्यांना उठाव आणलेला. ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपातल्या दंतकथेतल्या वीराचे प्रसंग आहेत आणि कोणता प्रसंग कोणता ते सांगणारी अक्षरंही कापडावरच शिवलेली आहेत. ज्यांनी ती अक्षरं शिवली त्यांची नावं मात्र कळत नाहीत. हॅरिएट पॉवर्स यांचं नाव राहिलं, त्यालाही निमित्त घडावं लागलं. १८३७ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली ही बाई. बायबलमधले प्रसंग अकरा चौकटींत मांडून तिने गोधडी शिवली, हाताने आणि मशीनने दोन्ही. १८८६ मध्ये एका प्रदर्शनात जेनी स्मिथ नावाच्या कलाशिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखीचे दिवस आले तेव्हा त्यांना ती द्यावी लागली. देताना त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. गोधडी विकल्यावरही पॉवर्स तिला बघायला अनेकदा येत असत. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कुणीतरी लिहून घेतलं, एवढ्यावर हे सगळं टिकलं आहे. ती गोधडी बघायला त्या किती पावलं चालून येत असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मागच्या वर्षी मी वडिलांचा एक जुना शर्ट पिशवीसाठी उसवत होते. खिसा काढला तर खाली मूळ रंगाचा चौकोन निघाला, गडद निळा. बाकी शर्ट उन्हाने आणि धुण्याने राखाडी झाला होता. खिसा लावला गेला तेव्हापासून त्या चौकोनाला ऊन लागलंच नव्हतं. मी बेत बदलला आणि तो चौकोन पिशवीच्या दर्शनी बाजूला घेतला. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीत मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यानंतर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती. तिचं चित्र मी पाहिलं आहे, विटलेल्या निळ्या-करड्या पट्ट्या. शर्टाचा तो चौकोन हातात धरल्यावर मला ते चित्र आठवलं. अंगावरच्या कापडाला त्या माणसाचं वागणं कळलेलं असतं. कोणता कोपर जास्त टेकायचा, कोणत्या खिशात हात जायचा.

जुन्या गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यात पोचले तेव्हा एकदम हात बदलला. चार-पाच ओळी वेगळ्याच होत्या. एक टाका बोटाच्या पेराएवढा, पुढचा तिळाएवढा, ओळ कुठे वर चढलेली, कुठे शेजारच्या ओळीला जाऊन टेकलेली. सुरुवातीला वाटाण्याएवढी गाठ. आणि दिशा उजवीकडून डावीकडे. कुणाला तरी शेजारी बसवून सुई हातात दिली होती. पाचव्या ओळीच्या अर्ध्यावर ते थांबलं, आणि तिथून पुढे पुन्हा तिचे सारखे, शांत टाके सुरू झाले. शेजारच्या वाकड्या ओळी तिने उसवल्या नव्हत्या. मी तो कोपरा सोडून कडेने वळसा घेतला.

वरचा थर सुटत आल्यावर आतला भर दिसला. मला कापूस किंवा चिंध्या निघतील असं वाटलं होतं. आत गोधडी होती. थोडी लहान, तपकिरी पडलेली, विरून विरून पापुद्र्यासारखी, आणि तिच्यावर तिचे स्वतःचे टाके, आडव्या ओळींचे, लाल दोऱ्याचे. जुनी गोधडी फाटली म्हणून तिच्यावर दोन नवे थर चढवले असणार. त्या आतल्या गोधडीलाही एके ठिकाणी बोटभर चीर होती. मी दिव्याखाली धरून बघितलं. आत निळ्या पट्ट्यांचं कापड होतं, आणि त्यावर पुन्हा टाके.

उसवणी हातात होती. लाल दोऱ्याचा पहिला टाका तिच्या टोकावर उचललाही होता. तो मी परत खाली बसवला.

चीर दोन टाक्यांत मिटवली. मधे जिथे जाळी झाली होती तिथे मऊ झालेल्या जुन्या चादरीचा तुकडा आतून घातला, वरचा थर पुन्हा पसरला, तळव्याने सारून घेतला, कच्चे टाके घातले. फाटलेली कड शिवायला बसले तेव्हा पांढरा आणि पिवळसर दोरा शेजारी ठेवून बघितला आणि पिवळसर घेतला. डावीकडून सुरुवात केली. एकावर एक दोन उलटे टाके, मग उजवीकडे. सुई डाव्या हातात धरली होती. टाके वेडेवाकडे पडत होते, कोपऱ्यातल्या त्या ओळींसारखेच. वीतभर कडेला मला पाऊण तास लागला.